बोदवड ते सारंगखेडा : ढोलकीच्या मागे मागे

बोदवडला पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले की आम्ही बोदवडकरणी जरा गप्पच होतो. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन, दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात लागणारे कापसाचे पांढरे ढीग, आठवडी बाजार, आणि जवळच शिरसाळ्याचा मारुती. हा मारुती डोक्यावर छप्पर ठेवू देत नाही असे म्हणतात, आणि शनिवारी तिथे मुंगी शिरायला जागा नसते. बाकी आमच्या तालुक्याची ख्याती म्हणाल तर पाणीटंचाईची. नळाला पाणी यायचे असले की आम्ही लग्नकार्यसुद्धा पुढेमागे करतो, मग सहलीचे काय घेऊन बसलात!

पण आमच्या गावाचा एक गुण मला लग्नानंतर कळला, तो म्हणजे इथून खानदेशातल्या कुठल्याही जत्रेला निघणे सोपे. भुसावळ हाकेच्या अंतरावर, आणि भुसावळला गेले की सगळ्या दिशा मोकळ्या. मला जत्रांची ओढ आहे ती पाळण्यांसाठी नाही आणि बांगड्यांसाठीही नाही (बांगड्या घेते, ते वेगळे). मला नाच पाहायचा नाद आहे. तोही घुंगरांचा आणि ढोलकीवरचा. सुशिक्षित घरातल्या, बी. ए. झालेल्या, शाळेत अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईने हे असे छापून सांगावे का, असे काही मैत्रिणींना वाटेल. वाटू दे. क्रिकेटचे वेड असलेली माणसे कोणत्या खेळाडूने कोणत्या सामन्यात किती धावा काढल्या ते तोंडपाठ सांगतात, त्यांना कुणी नावे ठेवीत नाही. मी कोणत्या बाईने कोणती ओळ कशी म्हटली ते सांगते, इतकेच.

माझे माहेर अमळनेरचे. तिथे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९५-९६ च्या सुमारास, आम्ही मुली उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो. दिवसा रथ, पालखी, भजन सारे काही बघायला मिळे. पण रात्र झाली की पात्राकडून वाऱ्याबरोबर ढोलकीचा आवाज यायचा, आणि तो कशाचा हे विचारले की आजी म्हणायची, "झोपा गं, तो आपल्यासाठी नाही." काका जायचे, शेजारचे मास्तर जायचे, दूधवाला तर आदल्या रात्रीचा वग सकाळी दारात उभा राहून सांगायचा. आम्हाला मात्र फक्त आवाज. मी तो आवाज इतक्या वर्षांत इतका ऐकला, की प्रत्यक्ष नाच पाहण्याआधी मला ढोलकीची भाषा कळू लागली होती. कुठे बाई उभी राहते, कुठे गिरकी घेते, कुठे नुसती बघते, हे डोळे मिटून सांगता यायचे. निदान मला तसे वाटायचे.

मग लग्न होऊन बोदवडला आले. सासूबाई कडक. पहिली दोन वर्षे या विषयावर तोंड उघडले नाही. एकदा मात्र संध्याकाळी तूर निवडताना मी सहज काहीतरी गुणगुणले, आणि त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "म्या इठाबाईले पाह्यलं हाये, माय." मी तर चाटच पडले! त्यांच्या लग्नाआधी गावच्या जत्रेत विठाबाई नारायणगावकरांचा फड आला होता. बायकांना कनातीच्या आत मज्जाव, म्हणून सासूबाई आणि त्यांची मावसबहीण बैलगाडीवर उभ्या राहून कनातीवरून बघत होत्या. काय पाहिलंत, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "काय सांगू व, तिचा नाच नाही ध्यानात. गाणं म्हणता म्हणता ती अशी थांबली, आन् सगळे मानसं बी थांबले." बस्स, एवढेच. पण नाचाविषयी इतके नेमके बोलणे मी पुस्तकातही वाचलेले नाही.

विठाबाईंची हकिगत बहुतेकींना ठाऊक असेल. १९३५ साली पंढरपुरात जन्म. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड, म्हणून नाव विठा भाऊ मांग नारायणगावकर. नऊ महिन्यांची गरोदर असताना ती फडात नाचत होती, वग चालू असतानाच कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन ती बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आली. हे आपण सगळ्या जणी ऐकतो आणि 'बाप रे' म्हणतो. पण मला त्यातले शौर्य ऐकताना नेहमी एकच विचार येतो, की त्या रात्री तिला कुणी म्हणाले का, बाई, आता बस? सांगतात की प्रेक्षकांनीच शेवटी हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला. १९६२ च्या चिनी युद्धाच्या वेळी जवानांसमोर तिने कार्यक्रम केले, १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि अखेरची वर्षे हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी ती गेली. पुढे राज्य सरकारने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी तिच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी औषधाला महाग आणि मेल्यावर पुरस्काराला नाव! आपल्याकडे हे असेच चालते, असो.

मी विठाबाईंना पाहिले नाही, फक्त ऐकले. कांताबाई सातारकरांना दूरदर्शनवर आणि पुढे मोबाइलवर पाहिले. त्यांचा मला धाकच वाटे. त्या पुरुषांच्या भूमिकासुद्धा करीत, आणि मांड ठोकून उभ्या राहिल्या की हा बाईचा बांधा आहे हे विसरायला व्हायचे. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत त्या गेल्या. पण माझे पहिले दैवत विचाराल तर वाईच्या यमुनाबाई. १९१५ चा जन्म, २०१२ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. त्यांची बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी दुपारचे जेवणखाण आटोपल्यावर जरूर शोधून पाहावी. बाई जागेवरून उठतसुद्धा नाही. डोक्यावरून पदर, समोर पेटी, तबला. एकच ओळ पाच वेळा, दहा वेळा म्हणायची आणि दर वेळी अदा निराळी. एकदा ती नवऱ्याची वाट पाहणारी, एकदा त्याच्यावर रुसलेली, एकदा त्याला हसणारी, आणि एकदा तर त्याला पार विसरून गेलेली. शब्द तेच! आपण संसारात "जेवायला या" हे दोन शब्द किती तऱ्हांनी म्हणतो ते आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मोबाइलचा उपयोग मी आणखी एका गोष्टीसाठी करते. परदेशातला बॅले पाहते. मुलीला अभ्यासाला बसवले, कुकर लावला, की पंधरा मिनिटे माझी. रशियातल्या माया प्लिसेत्स्काया या नर्तकीचा मरणाऱ्या राजहंसाचा नाच मी किती वेळा पाहिला त्याला गणती नाही. मुळात हा नाच ॲना पावलोवासाठी बसवलेला. प्लिसेत्स्कायाने तो साठी उलटल्यावरही केला. तिच्या हातांत हाडे आहेत की नाहीत असा प्रश्न पडतो, पाण्याच्या लाटा खांद्यापासून बोटांपर्यंत जातात. सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "पायाच्या बोटांवर उभी राह्यते, दुखत नसीन का व तिले?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. या नर्तकींच्या पायांची बोटे सोललेली, नखे काळी पडलेली असतात.

या बॅलेविषयी वाचताना एक गोष्ट कळली, ती मुद्दाम सांगते. आज ज्या कलेसाठी लोक उंची कपडे घालून थिएटरात जातात, त्याच कलेतल्या मुली एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये गरिबांच्या घरच्या होत्या. वर्गणी भरणारे श्रीमंत पुरुष खेळाच्या वेळी थेट पडद्यामागे जाऊन उभे राहत, आणि त्या मुलींबद्दल गावात काय बोलले जाई ते आपल्याला निराळे सांगायला नको. आपल्याकडेही कथक आणि भरतनाट्यम् या नाचांना एके काळी घरंदाज बायका शिवत नव्हत्या. लीला सोखी, म्हणजे मादाम मेनका, यांनी खंडाळ्याला नृत्यालय काढले, १९३६ मध्ये बर्लिनला आपला संच नेला, आणि त्यांच्या हाताखाली दमयंती जोशींसारखी मराठी मुलगी तयार झाली. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली. मग हळूहळू वकील-डॉक्टरांच्या मुली कथकला जाऊ लागल्या, परीक्षा आल्या, प्रमाणपत्रे आली. लावणीच्या वाट्याला हे आले नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि 'लोकनाट्य' असे सोवळे नाव लावून फड पुन्हा उभे राहिले. नाव सोवळे झाले, बाई मात्र कनातीपलीकडेच राहिली.

आता प्रवासाकडे वळते.

२०२४ साली दत्तजयंती १४ डिसेंबरला, शनिवारी आली. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. घोड्यांच्या बाजारासाठी हे गाव लांबवर प्रसिद्ध आहे. आमच्या ह्यांना घोडे घ्यायचे नसतात, पण पाहायचे असतात. धाकट्या नणंदबाई दोंडाईच्याला दिल्या आहेत, त्यामुळे उतरायची सोय होती. मी मनात म्हटले, घोडे तुमचे, फड माझा. उघड एवढेच म्हणाले, की नणंदबाईंना भेटून खूप दिवस झाले.

आदल्या रात्री दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, कळण्याच्या पुऱ्या घेतल्या. (दशम्या दुधात भिजवून त्यात चमचाभर तेल घातले तर दोन दिवस मऊ राहतात, पाण्यात भिजवल्या तर संध्याकाळीच वातड होतात.) भुसावळला गाडी बदलून सुरतच्या बाजूची पॅसेंजर धरली. जळगाव सोडले की ही गाडी तापीच्या खोऱ्यातून निवांत चालते. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी चढते, कुणाच्या तरी पिशवीत भरताची वांगी असतात, आणि साऱ्या डब्याला हिवाळ्याचा वास येतो. अमळनेरला मी खिडकीतून उगीच नदीच्या दिशेने पाहून घेतले.

शिंदखेडा आले तशी डब्यात गौतमी पाटीलची चर्चा सुरू झाली. ती इथली ना! एक पोरगा म्हणाला, तिच्याइतकी गर्दी कुणालाच होत नाही. एक आजोबा म्हणाले, ती लावणीच नाही. जुन्या लावणी कलावंतांनीही तेव्हा तसेच म्हटले होते. मला विचाल तर, आजोबांचे खरे आहे. लावणीत बाई गाण्याचा अर्थ सांगते, आणि स्पीकरवर लावलेल्या गाण्याचा अर्थ सांगण्याची कुणालाच गरज वाटत नाही. पण डब्यातले जे पुरुष तिला नावे ठेवीत होते, त्यांच्यातल्या प्रत्येकाला तिचा प्रत्येक कार्यक्रम तारखेसकट माहीत होता, हेही मी ऐकले. माझ्या शेजारी बसलेली नऊवारीतली म्हातारी एवढेच पुटपुटली, "नाचनारीले बोल लावता, मंग पाह्यता कायले?" कुणी उत्तर दिले नाही.

दोंडाईच्याचे मिरचीचे मार्केट बाजूने जातानाही शिंका आणते. नणंदबाईंकडे जेवलो, शेवभाजी अशी की डोळ्यांतून पाणी, आणि दुपारी सारंगखेड्याला पोहोचलो. तापीचा काठ, एकमुखी दत्ताचे देऊळ, दर्शनाची रांग, आणि पलीकडे घोडेच घोडे. मारवाडी, काठेवाडी, आणि ते पांढरेशुभ्र गुलाबी नाकाचे नुकरे. मालक त्यांना रेवाळ चालीने चालवून दाखवतात, काहींना तर ढोलाच्या तालावर नाचवतात. आमचे हे एका घोडीसमोर अर्धा तास उभे. किंमत ऐकून मागे सरले आणि मला म्हणाले, "चाल पाहिलीस? पाय कसा टाकते!" मी म्हटले, तुम्ही आता पायाचे कौतुक करताच आहात, तर रात्री आणखी जरा करू या. हसून का होईना, हो म्हणाले. नणंदबाई आणि त्यांचे यजमानही आले. आमची लेक अकरा वर्षांची, तिलाही बरोबर घेतले. यावरून थोडी कुरबुर झाली, पण मी ऐकले नाही.

फडाची कनात मी प्रथमच आतून पाहत होते. बाहेर ट्रक उभे, त्यांच्यावर फडाच्या नावाचे मोठाले रंगीत फलक. एकेका मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. नाचणाऱ्या, वादक, सोंगाडे, ड्रायव्हर, स्वयंपाकी, तंबू ठोकणारे, सगळ्यांचा संसार ट्रकात. दसऱ्याला बाहेर पडायचे ते वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरायचे. खरी कमाई चैत्र-वैशाखाच्या जत्रांची. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच तिथे जाऊन सुपाऱ्या देतात. २०२० मध्ये नेमक्या त्याच दिवसांत टाळेबंदी झाली. पुढच्या वर्षीही तेच. कित्येक जणींनी तेव्हा मजुरी केली, आणि काही परत बोर्डावर आल्याच नाहीत.

पाच-सहाशे पुरुषांत आम्ही बायका मोजून वीसेक असू, एका बाजूला खुर्च्या टाकून बसलेल्या. पुढे गण झाला, मग गवळण. डोक्यावर घागरी घेतलेल्या गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या आणि लुगडे नेसलेला तो दांडगा पुरुष मावशी म्हणून आडवा आला, तेव्हा आमची लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. ज्याला आजी 'आपल्यासाठी नाही' म्हणायची ते हेच का, असे मला वाटून गेले. नंतर रंगबाजी सुरू झाली. सिनेमाची गाणी फार, दिव्यांचा झगमगाट फार, शिट्ट्या त्याहून फार. तरण्या मुली एका रांगेत सगळ्या सारख्या हात करीत होत्या. हा भाग मला आवडला नाही, उगीच चांगले का म्हणू?

आणि मग ती आली. चाळिशीच्या पुढची असावी. अंगाने भरलेली, हिरवे नऊवारी, केसांत साधे फूल. पुढे आली तेव्हा मागच्या पोरांनी आधी गलकाच केला, कारण त्यांना तरणी मुलगी हवी होती. तिने तिकडे पाहिलेच नाही. ढोलकीवाल्याकडे पाहिले. त्याने एक थाप टाकली, तिने उजव्या पायाने उत्तर दिले. त्याने दोन टाकल्या, तिने तीन. असा त्यांचा मिनिटभर सारीपाट चालला, आणि मग ती स्वतः गायला लागली, आवाज जरा घोगरा. ओळ साधीच, शेजीबाईला गाऱ्हाणे सांगणारी. पहिल्यांदा तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हटली, दुसऱ्यांदा पदर दातात धरून, आणि तिसऱ्यांदा ती अर्ध्यावर थांबली. हात हवेत तसाच. ढोलकी थांबली, पेटी थांबली, शिट्ट्या थांबल्या. मी डावीकडे पाहिले तर आमचे हे खुर्चीच्या कडेवर आले होते. सासूबाईंनी बैलगाडीवरून काय पाहिले असेल ते मला त्या क्षणी कळले. पुन्हा थाप पडली तेव्हा ती एकदम हसली आणि तिच्या घुंगरांचा असा काही पाऊस पडला की सांगता सोय नाही.

पुढचा वग दारूपायी मोडलेल्या संसाराचा होता. त्यात तीच बाई सासू झाली होती, आणि सासू म्हणूनही झकास.

खेळ सुटल्यावर मी ह्यांना म्हटले, मला तिला भेटायचे आहे. नणंदबाईंच्या यजमानांनी कपाळाला आठ्या घातल्या. सकाळी जाऊ असे ठरले, आणि खरेच सकाळी, निघण्यापूर्वी, मी, नणंदबाई आणि लेक राहुट्यांकडे गेलो. तिथले दृश्य अगदी आपल्या वाड्यातल्या सकाळीसारखे. दोऱ्यांवर साड्या वाळत होत्या, एक मुलगी दात घासत होती, एक पोर रडत होते. ती बाई तीन दगडांच्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. रात्रीच्या मेकअपचा काळा काठ डोळ्यांखाली राहिला होता. "या ताई, बसा," म्हणाली आणि गोणपाट पुढे सरकवले. मी म्हटले, रात्री तुम्ही तिसऱ्या वेळी थांबलात ना, ते ठरवून की आपसूक? तिने भाकरी तव्यावर टाकली आणि मग माझ्याकडे नीट पाहिले. "ताई, आमच्याकडे बायका येतात त्या इचारत्यात, नवरा हाय का, पोरं किती. ह्ये कुणी इचारलं नव्हतं." मग म्हणाली, तिच्या मावशीने शिकवले होते, की लोक गोंधळ करायला लागले तर जोरात गाऊ नये, गप्प व्हावे. पण किती वेळ गप्प राहायचे ते रोज वेगळे. ढोलकीवाल्याला कसे कळते, असे मी विचारले. ती म्हणाली, "माझा खांदा बघतो त्यो."

तिची मुलगी सातवीत आहे, पुणे जिल्ह्यात वसतिगृहात राहून शिकते. शाळेत आईचा धंदा काय लिहिला आहे, हे तिने आपणहून सांगितले : शेतमजुरी. "खोटं नाही ताई, पावसाळ्यात करतो आम्ही खुरपणी." मुलगी नाचते का? "चांगली नाचती. पर म्या तिला शिकवीत नाही." एवढे बोलून तिने लेकीच्या हातावर गरम भाकरीचा तुकडा आणि ठेचा ठेवला, आणि लेकीने तो न लाजता खाल्ला.

इथे मला घरची एक गोष्ट सांगायला हवी. २०२४ च्या जानेवारीत लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी लावणी बसवली होती. तालीम छान चालली होती. मग कुणा पालकांनी कुरकुर केली, की शाळेत हे असले नको, आणि आठ दिवस आधी निरोप आला की नाच बदला, कोळीगीत घ्या. मुलींनी टोपल्या घेऊन कोळीगीत केले. टाळ्याही पडल्या. त्याच संमेलनात सहावीच्या मुलांनी हिंदी सिनेमातल्या ज्या गाण्यावर कंबर हलवली, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. लेक घरी येऊन मला म्हणाली, "आई, लावणी वाईट असते का?" मी पदवी परीक्षेत मराठी साहित्य घेतले होते. शाहिरी वाङ्मय हा त्यात मार्कांचा प्रश्न होता. राम जोशी, होनाजी बाळा यांच्यावर मी पानेच्या पाने लिहिली आहेत, आणि मला पैकीच्या जवळ मार्क पडले आहेत. जे मुलींनी परीक्षेत लिहायचे ते त्यांनी नाचायचे नाही, हे मी तिला कसे समजावून सांगणार?

राहुटीत बसल्या बसल्या मी हे सगळे त्या बाईला सांगून टाकले. ती रागावली नाही, हसलीही नाही. लेकीला म्हणाली, "उभी ऱ्हा बघू." वाळत घातलेल्यातली एक साडी ओढली आणि तिला तिथेच नऊवारी नेसवायला लागली. मला म्हणाली, बघून घ्या. आपण लग्नसमारंभात नेसतो ती नऊवारी नाचताना सुटते, कारण आपण कासोटा वरून खोचतो. तिने आधी कमरेला सुती नाडी करकचून बांधली, साडीची पहिली गाठ नाडीच्या खालून घेतली, आणि कासोटा दोन बोटे घडी घालून नाडीच्या आतून खाली ओढला, वर खोचला नाही. मग म्हणाली, "मार उडी." लेकीने तीन उड्या मारल्या. साडी तसूभर हलली नाही. पायांतली चाळ दाखवली. घुंगरू जाड चामड्याच्या पट्ट्यांवर शिवलेले, एका पायाचेच वजन इतके की लेकीला ते दोन्ही हातांनी उचलावे लागले. त्याखाली पोटरीला फडके गुंडाळले नाही तर कातडी सोलते.

तिच्या टाचांकडे माझे लक्ष गेले. भेगा इतक्या खोल की रक्त दिसत होते. मला आणखी काही देण्यासारखे नव्हते, म्हणून आपल्या घरचा उपाय सांगितला. रात्री पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचे, पुसून कोरडे करायचे, आमसुलाचे तेल पातळ करून भेगांत भरायचे आणि जुने मोजे घालून झोपायचे. ती म्हणाली, "झोपायला मिळालं तर." नणंदबाईंनी मात्र दोंडाईच्याच्या दुकानातून आमसुलाच्या तेलाचा गोळा आणून दुपारी यजमानांच्या हाती राहुटीत पोहोचवला. कपाळाला आठ्या घालणारे तेच यजमान! परत आले तेव्हा आठ्या नव्हत्या.

बोदवडला आल्यावर सासूबाईंनी सारे खोदून खोदून विचारले. घोड्यांचे नाही, फडाचे. ती थांबली होती असे सांगितल्यावर म्हणाल्या, "मंग खरी हाये."

यंदाचे संमेलन तीन आठवड्यांवर आले आहे. लेकीने आणि त्याच तिघींनी पुन्हा लावणी बसवली आहे. सिनेमातली नाही, मी शोधून दिलेली जुनी, आणि तिच्यात एका ओळीवर चौघी थांबतात. मी मुख्याध्यापिकाबाईंना पत्र दिले आहे. त्यात लावणीचे शब्द उतरवून दिले, अभ्यासक्रमातली पाठाची पाने जोडली, आणि तालीम येऊन पाहावी अशी विनंती केली. सोमवारी येते म्हणाल्या आहेत. नाड्या चार शिवून झाल्या, पाचवी त्यांच्यासाठी जास्तीची ठेवली आहे, म्हटले बघायला आल्या तर नेसवूनच दाखवू.